पुरातत्त्व दिन आणि पुरातत्त्व महोत्सव

पुरातत्त्व दिन किंवा पुरातत्त्व महोत्सव म्हणजे पुरातत्त्वविद्येची ओळख सर्वसामान्य लोकांना व्हावी, या हेतूने भरवला जाणारा सार्वजनिक कार्यक्रम होय. जाहीर व्याख्याने, चालू उत्खननांना भेटी, संग्रहालयांतील प्रात्यक्षिके, मुलांसाठी सराव उत्खनने आणि प्राचीन हस्तकौशल्यांची कृतिसत्रे ही त्याची प्रमुख अंगे आहेत. अशा कार्यक्रमांची परंपरा ब्रिटन, अमेरिकेची संयुक्त संस्थाने, जपान, फ्रान्स आणि ऑस्ट्रेलिया या देशांत विशेष रुजलेली आहे. भारतात पुरातत्त्वासाठी राखून ठेवलेला असा एकच दिवस नाही. १८ एप्रिलचा जागतिक वारसा दिन आणि १९ ते २५ नोव्हेंबर हा जागतिक वारसा सप्ताह या निमित्ताने येथे तत्सम कार्यक्रम होतात.

या उपक्रमांमागील कारण केवळ ज्ञानप्रसाराचे नाही. उत्खनन म्हणजे एका अर्थाने पुराव्याचा नाशच असतो. एकदा काढलेला मातीचा थर पुन्हा जसाच्या तसा जागेवर घालता येत नाही. वस्तू कोणत्या थरात, कशाशेजारी आणि किती खोलीवर होती याची नोंद झाली नाही, तर ती वस्तू सुंदर असूनही मुकी ठरते. शिवाय प्राचीन स्थळांची संख्या एवढी मोठी आहे की, प्रत्येक स्थळी पहारेकरी नेमणे कोणत्याही सरकारला शक्य नाही. शेत नांगरणारा, गुरे चारणारा, घराचा पाया खणणारा आणि रस्त्याचे कंत्राट घेणारा यांच्याच नजरेसमोर ही स्थळे असतात. त्यांना महत्त्व कळले तर स्थळ टिकते. याउलट, जमिनीखाली मौल्यवान काही दडले आहे एवढेच कळले आणि पुढचे कळले नाही, तर तेच स्थळ रातोरात उकरले जाते. लोकांना उत्खननाची गोडी लावायची, पण उकरण्याची नाही, हा या सर्व कार्यक्रमांपुढील मूळ प्रश्न आहे.

स्वरूप

महोत्सवाचा सर्वांत जुना घटक म्हणजे व्याख्यान. पूर्वी ते जादूच्या कंदिलावरील काचचित्रांच्या साहाय्याने दिले जाई. आता पडद्यावर छायाचित्रे, नकाशे आणि त्रिमितीय प्रतिकृती दाखवतात. व्याख्याता बहुधा त्याच परिसरात काम केलेला संशोधक असतो. ऐकणाऱ्यांना दूरच्या पिरॅमिडांपेक्षा आपल्या गावच्या टेकाडात काय निघाले याचे कुतूहल अधिक असते, असा सर्वत्र अनुभव आहे.

व्याख्यानाच्या जोडीला ‘वस्तू ओळखा’ अशी मेजे मांडली जातात. लोक आपल्या घरातील जुनी नाणी, शेतात सापडलेली खापरे वा दगड घेऊन येतात आणि तज्ज्ञ ती पाहून काळ व उपयोग सांगतात. वस्तूची किंमत मात्र सांगत नाहीत, कारण किंमत सांगितली की संशोधनाचा व्यवहार बाजारात जातो. लिलावगृहांच्या मूल्यांकन मेळाव्यांहून हे मेज वेगळे असते ते याच बाबतीत.

मुलांसाठी सराव उत्खनन हे मुख्य आकर्षण असते. लाकडी खोक्यात किंवा जमिनीत केलेल्या उथळ हौदात वेगवेगळ्या रंगांच्या वाळूचे व मातीचे थर घालतात. त्यांत खापरे, हाडांच्या प्रतिकृती, मणी, चुलीची राख इत्यादी पुरून ठेवतात. वर दोऱ्यांनी समान चौकोन आखलेले असतात. मुलांच्या हाती छोटी थापी, ब्रश, सुपली, चाळणी, मोजपट्टी आणि आलेखाचा कागद दिला जातो. नियम साधाच असतो. वस्तू दिसली की ती ओढून काढायची नाही; भोवतीची माती हलकेच सोडवायची, वस्तूचे स्थान कागदावर मांडायचे, छायाचित्र घ्यायचे आणि मगच ती उचलून चिठ्ठी लावलेल्या पिशवीत ठेवायची. हा नियम पाळला जात नाही तेथे सराव उत्खनन आणि खजिन्याचा खेळ यांत फरक उरत नाही. एक चौकोन नीट नोंदवण्यास तासभर लागतो आणि बाहेर रांग लागलेली असते. घाई करण्याचा मोह संयोजकांनाही होतो. त्यामुळे सराव उत्खननाची गुणवत्ता किती मुलांनी भाग घेतला यावरून नव्हे, तर किती मुलांनी नकाशा पुरा केला यावरून ठरवणे योग्य होय.

दगडी हत्यारे घडवण्याचे प्रात्यक्षिकही सर्वत्र लोकप्रिय आहे. चकमकीच्या किंवा कॅल्सिडोनीच्या गाभ्यावर गोट्याने वा शिंगाने नेमका आघात केला असता धारदार छिलका कसा सुटतो, हे पाहिल्यावर आदिमानव ‘रानटी’ होता हा समज आपोआप ढासळतो. या प्रात्यक्षिकात डोळ्यांना चष्मा आणि हातांना जाड कातडे वापरतात. कपच्या चादरीवर गोळा करून नेतात, कारण त्या तेथेच पडून राहिल्या तर पुढील काळातील संशोधकांची फसगत होऊ शकते. हातांनी मडकी वळणे, उघड्या भट्टीत ती भाजणे, भाला फेकण्याची दांडी वापरून पाहणे, जात्यावर धान्य दळणे हे प्रकारही असतात. भारतीय प्रेक्षकांना यांतील जाते आणि कुंभाराचे चाक पाहून फारसे नवल वाटत नाही. कित्येक घरांतील आजीबाई प्रात्यक्षिक देणाऱ्याचीच चूक दुरुस्त करू शकतील.

पूर्वेतिहास

पुरातन वस्तूंचे जाहीर प्रदर्शन आणि व्याख्यान यांची सांगड प्रथम ज्या प्रकारे घातली गेली, ती आज कोणी अनुकरणीय मानणार नाही. १८३०च्या दशकात लंडनमध्ये टॉमस पेटिग्र्यू हा शस्त्रवैद्य इजिप्तमधील ममींची वस्त्रे जाहीर सभेत उलगडून त्यांवर व्याख्यान देत असे. १८३४ मधील एका कार्यक्रमास इतकी गर्दी झाली की, कँटरबरीच्या आर्चबिशपांनाही जागेअभावी परतावे लागले. पेटिग्र्यूचा अभ्यास खरा होता आणि त्याने ममींवर ग्रंथही लिहिला. परंतु मृत माणसाचा देह हा करमणुकीचा विषय झाला आणि पुन्हा तपासता येणार नाही असा पुरावा नष्ट झाला. लोकांचे कुतूहल आणि पुराव्याचा सन्मान यांतील ताण तेव्हापासूनचा आहे.

अमेरिकेत १८७९ मध्ये चार्ल्स इलियट नॉर्टन यांच्या पुढाकाराने आर्किऑलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका ही संस्था बोस्टन येथे स्थापन झाली. १८९६ पासून तिने गावोगावच्या शाखांमध्ये व्याख्याते पाठवण्यास प्रारंभ केला. विनामूल्य व्याख्यानांची ही योजना आजही चालू आहे. महाराष्ट्रातील वाचकास येथे पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेची आठवण होणे स्वाभाविक आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये सुरू झालेली ती माला केवळ पुरातत्त्वासाठी नसली, तरी विद्वानाने विद्यापीठाबाहेरील श्रोत्यांपुढे उभे राहावे हे तत्त्व एकच आहे.

उत्खनन चालू असतानाच ते लोकांना दाखवण्याची पद्धत रुजवण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणावर मॉर्टिमर व्हीलर आणि त्यांच्या पत्नी टेसा व्हीलर यांना दिले जाते. इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातील मेडन कासल या लोहयुगीन टेकडी-किल्ल्याचे उत्खनन १९३४ ते १९३७ या काळात झाले. तेथे येणाऱ्या प्रेक्षकांना विद्यार्थी स्थळ फिरवून दाखवत. चित्रपत्रे विकली जात आणि उत्खननात हजारोंनी निघालेले गोफणगुंडेही अल्प किमतीत देण्यात येत. त्यातून कामाला पैसा मिळे. लोकांच्या पैशावर चालणाऱ्या कामाचा हिशेब लोकांना मिळालाच पाहिजे, ही व्हीलर यांची भूमिका होती. मूळ अवशेष विकण्याची त्यांची पद्धत मात्र आज कोणत्याही उत्खननात मान्य होणार नाही. पुढे १९५२ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲनिमल, व्हेजिटेबल, मिनरल?’ या बीबीसीच्या वस्तू ओळखण्याच्या कार्यक्रमामुळे व्हीलर आणि ग्लिन डॅनियल ही नावे इंग्लंडमध्ये घरोघरी पोहोचली.

लंडनमध्ये शिकत असताना मेडन कासलच्या उत्खननात काम केलेल्या भारतीय विद्यार्थ्यांत हसमुख धीरजलाल सांकळिया हे एक होते. १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाल्यावर त्यांनी महाराष्ट्रातील उत्खननांची जी परंपरा उभी केली, तिच्यात स्थानिक लोकांशी संवाद आणि मराठीतून लेखन यांना स्थान होते. स्वतः व्हीलर १९४४ ते १९४८ या काळात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक होते. १९४४ मध्ये तक्षशिला येथे त्यांनी भरवलेल्या प्रशिक्षण वर्गातून भारतीय पुरातत्त्वज्ञांची एक पिढी तयार झाली.

ब्रिटन

ब्रिटनमध्ये कौन्सिल फॉर ब्रिटिश आर्किऑलॉजी ही संस्था १९४४ मध्ये, युद्धात उद्ध्वस्त झालेल्या शहरांच्या पुनर्बांधणीत पुरावशेष नाहीसे होऊ नयेत या चिंतेतून स्थापन झाली. मुलांसाठीचा यंग आर्किऑलॉजिस्ट्स क्लब १९७२ पासून आहे. १९९० मध्ये राष्ट्रीय पुरातत्त्व दिन सुरू झाला. एका दिवसाचा तो कार्यक्रम हळूहळू वाढत आठवड्याचा आणि पुढे जुलै महिन्यातील पंधरवड्याचा झाला. आज तो ‘फेस्टिव्हल ऑफ आर्किऑलॉजी’ या नावाने ओळखला जातो. कार्यक्रम एका ठिकाणी भरत नाही. गावोगावची मंडळे, संग्रहालये आणि विद्यापीठे आपापले उपक्रम आखतात आणि संस्था त्यांची एकत्रित नोंद व प्रसिद्धी करते.

ब्रिटनच्या अनुभवातील सर्वांत उद्बोधक भाग चाचणी खड्ड्यांचा आहे. २००३ मध्ये ‘टाइम टीम’ या दूरचित्रवाणी मालिकेने ‘बिग डिग’ नावाचा उपक्रम जाहीर केला. लोकांनी आपल्या परसात एक मीटर लांबी-रुंदीचा खड्डा खणावा आणि सापडलेले कळवावे, अशी ती योजना होती. अनेक व्यावसायिक पुरातत्त्वज्ञांनी तिला विरोध केला. प्रशिक्षण नसलेल्या शेकडो लोकांच्या हाती फावडी देणे म्हणजे नाशाला निमंत्रण, असे त्यांचे म्हणणे होते. संयोजकांनी नियमावली दिली आणि तज्ज्ञांचा सल्ला उपलब्ध केला, तरी वाद पूर्णपणे शमला नाही.

या वादाला मिळालेले सर्वांत सबळ उत्तर तर्काने नव्हे, तर कामाने मिळाले. त्याच मालिकेत पूर्वी काम केलेल्या कॅरेन्झा लुईस यांनी २००५ पासून केंब्रिज विद्यापीठाच्या वतीने शाळकरी मुले आणि ग्रामस्थ यांच्याकडून पूर्व इंग्लंडमधील लोकवस्तीच्या खेड्यांत असे खड्डे शिस्तीने खणवून घेतले. प्रत्येक खड्डा दहा-दहा सेंटिमीटरच्या टप्प्यांनी उतरवायचा, माती चाळायची आणि प्रत्येक टप्प्यातील खापरे वेगळी ठेवायची, ही पद्धत सर्वत्र सारखी होती. ५५ वस्त्यांमधील दोन हजारांहून अधिक खड्ड्यांतील खापरांची तुलना करता असे दिसले की, चौदाव्या शतकातील प्लेगच्या महामारीनंतरच्या काळात खापरांचे प्रमाण सरासरी सुमारे ४५ टक्क्यांनी घटलेले होते. लोकसंख्येतील घसरण किती खोल आणि किती दीर्घकाळ टिकणारी होती, याचा हा स्वतंत्र पुरावा २०१६ मध्ये ‘ॲन्टिक्विटी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. माणसे राहत असलेल्या गावांत परसाबाहेर खणायला जागाच नसते. म्हणून हे काम ग्रामस्थांच्या सहभागावाचून कोणत्याही विद्यापीठाला करता आले नसते. हौशी लोकांच्या हातून केवळ उत्सव घडतो, विद्या घडत नाही, या समजुतीला येथे उत्तर मिळते. अर्थात, हे यश शिस्तीचे आहे, उत्साहाचे नाही.

अमेरिकेची संयुक्त संस्थाने

अमेरिकेतील पुरातत्त्व सप्ताह व पुरातत्त्व मास यांचा उगम चोरट्या उत्खननांच्या समस्येत आहे. नैर्ऋत्येकडील राज्यांत प्राचीन मृद्भांड्यांना, विशेषतः न्यू मेक्सिकोतील मिंब्रेस संस्कृतीच्या चित्रित वाडग्यांना, बाजारात मोठी किंमत येऊ लागली. तेव्हा खाजगी जमिनींवरील प्राचीन वस्त्या यंत्रांनी अक्षरशः नांगरल्या गेल्या. हे वाडगे बहुतेक थडग्यांतील असल्याने त्या लुटीत मृतांचे अवशेषही विखुरले. सरकारी व मूलनिवासी जमातींच्या जमिनींवरील अवशेषांच्या रक्षणासाठी १९७९ मध्ये कायदा झाला. १९८८ मधील दुरुस्तीने लोकशिक्षणाचे कार्यक्रम चालवणे संबंधित सरकारी खात्यांना बंधनकारक करण्यात आले. केवळ शिक्षेच्या भयाने वाळवंटातील स्थळे वाचत नाहीत, याची ही कबुली होती.

ॲरिझोना राज्याने १९८३ मध्येच पुरातत्त्व सप्ताह सुरू केला होता. इतर राज्यांनी त्याचे अनुकरण केले आणि बहुतेक ठिकाणी सप्ताहाचा मास झाला. प्रत्येक राज्य आपल्या हवामानाप्रमाणे महिना निवडते. ॲरिझोनात उन्हाळ्याआधीचा मार्च, तर टेक्सासात ऑक्टोबर. या निमित्ताने काढल्या जाणाऱ्या भित्तिपत्रकांची राष्ट्रीय स्पर्धाही होते. आर्किऑलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकेने २२ ऑक्टोबर २०११ रोजी पहिला राष्ट्रीय पुरातत्त्व दिन साजरा केला. इतर देशांतील संस्था सहभागी होऊ लागल्याने पुढे त्याचे नाव आंतरराष्ट्रीय पुरातत्त्व दिन असे झाले. तो ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो.

जपान

जपानमध्ये लोकसहभागाची परंपरा युद्धोत्तर काळातील आहे. पराभवानंतर शालेय इतिहासातील पुराणकथांचे स्थान डळमळीत झाले आणि प्रत्यक्ष जमिनीतून मिळणाऱ्या पुराव्याकडे लोक आस्थेने पाहू लागले. शिझुओका येथील तोरो या प्राचीन भातशेतीच्या वस्तीचे १९४७ ते १९५० या काळातील उत्खनन विद्यार्थी व नागरिक यांच्या सहभागामुळे गाजले. १९५३ मध्ये ओकायामा प्रांतातील त्सुकिनोवा येथील प्राचीन थडग्याच्या टेकाडाचे उत्खनन तर शेतकरी, खाणकामगार, शिक्षक आणि शाळकरी मुले यांनी ओकायामा विद्यापीठाच्या अभ्यासकांच्या मार्गदर्शनाखाली केले. त्यात सुमारे दहा हजार लोकांनी भाग घेतल्याचे मानले जाते. जपानमध्ये पुराश्मयुगीन मानव होता याचा पहिला निर्णायक धागाही एका हौशी अभ्यासकाच्याच हाती लागला. फिरून खाद्यपदार्थ विकणाऱ्या ऐझावा तादाहिरो यांना १९४६ मध्ये इवाजुकू येथे रस्त्याच्या कापात दगडी हत्यारे आढळली आणि १९४९ च्या उत्खननाने त्यांचा शोध खरा ठरला.

आज जपानमध्ये मोठ्या उत्खननाच्या अखेरीस ‘गेन्ची सेत्सुमेइकाई’, म्हणजे स्थळावरील स्पष्टीकरण सभा, घेण्याचा प्रघात आहे. उघडलेले थर झाकण्यापूर्वी किंवा त्यांवर बांधकाम होण्यापूर्वी आसपासच्या लोकांना बोलावून ते दाखवले जातात आणि माहितीपत्रक दिले जाते. १९८९ मध्ये सागा प्रांतातील योशिनोगारी येथे खंदकाने वेढलेली प्राचीन वस्ती उघडकीस आली, तेव्हा काही महिन्यांत दहा लाखांहून अधिक लोक ती पाहण्यास आले. तेथे औद्योगिक वसाहत होणार होती. लोकांच्या या ओढीमुळे ती योजना मागे पडली आणि स्थळाचे ऐतिहासिक उद्यान झाले.

या लोकप्रियतेची काळी बाजूही जपानमध्येच दिसली. अधिकाधिक प्राचीन हत्यारे शोधून प्रसिद्धीस आलेला एक हौशी संशोधक स्वतःच हत्यारे पुरत असल्याची छायाचित्रे २००० साली माइनिची या वृत्तपत्राने प्रसिद्ध केली. दोन दशकांतील अनेक स्थळे संशोधनातून बाद करावी लागली आणि पाठ्यपुस्तकांत दुरुस्त्या झाल्या. हे प्रकरण केवळ एका माणसाच्या लबाडीचे नव्हते. नवा विक्रम ऐकण्यास उत्सुक असलेली वृत्तपत्रे, स्थानिक अभिमान आणि तज्ज्ञांची ढिलाई यांनी त्याला पोसले होते.

इतर देश

फ्रान्समध्ये बांधकामापूर्वीची उत्खनने करणाऱ्या इन्रॅप या राष्ट्रीय संस्थेने २०१० मध्ये राष्ट्रीय पुरातत्त्व दिन सुरू केले. जून महिन्यातील हा तीन दिवसांचा कार्यक्रम २०१९ पासून युरोपीय पातळीवर होतो. एरवी बंद असलेली उत्खननस्थळे आणि प्रयोगशाळा या दिवसांत पाहता येतात. ऑस्ट्रेलियात मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात राष्ट्रीय पुरातत्त्व सप्ताह असतो.

आक्षेप आणि मर्यादा

मानवी अवशेषांचा प्रश्न यांतील सर्वांत नाजूक होय. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने मूलनिवासी जमातींच्या पूर्वजांचे अवशेष व दफनवस्तू परत करणे सरकारी खात्यांना आणि सरकारी साहाय्य घेणाऱ्या संग्रहालयांना बंधनकारक झाले. सराव उत्खननात मुलांना सापडावा म्हणून प्लास्टिकचा सांगाडा पुरण्यास म्हणूनच अनेकांचा आक्षेप असतो. ज्यांच्या पूर्वजांच्या कबरी खणल्या गेल्या, त्यांच्या मुलांसमोर तो खेळ मांडणे असभ्यपणाचे आहे.

दुसरा आक्षेप धातुशोधक यंत्रांविषयी आहे. इंग्लंड व वेल्समध्ये जमीनमालकाच्या परवानगीने ही यंत्रे वापरता येतात आणि सापडलेल्या वस्तूंची स्वेच्छेने नोंद करण्याची योजना १९९७ पासून चालते. काहींच्या मते या योजनेमुळे ज्ञानात मोलाची भर पडली. काहींच्या मते तिने उकरण्याला प्रतिष्ठा दिली. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. यांखेरीज, उत्सवाला येणारा वर्ग बहुधा आधीच रस असलेला, सुशिक्षित आणि शहरी असतो. ज्याच्या शेतात स्थळ आहे तो क्वचितच येतो.

भारतातील स्थिती

भारतात सर्वसामान्य व्यक्तीस उत्खनन करता येत नाही. १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियमानुसार त्यासाठी शासकीय परवाना लागतो. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळवावे, असे १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम सांगतो. ही दहा रुपयांची मर्यादा कायदा झाला त्या काळची आहे. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचा व्यापार व निर्यात यांवर १९७२ च्या कायद्याने निर्बंध आहेत. त्यामुळे इंग्लंडप्रमाणे परसातील चाचणी खड्डे येथे संभवत नाहीत. येथील लोकसहभाग सराव उत्खनन, पृष्ठभागाचे सर्वेक्षण, नोंदी आणि स्थळभेटी यांतूनच होऊ शकतो, आणि सध्याच्या परिस्थितीत ते इष्टही आहे.

आंतरराष्ट्रीय स्मारके व स्थळे परिषदेने १९८२ मध्ये सुचवलेला आणि युनेस्कोने १९८३ मध्ये मान्य केलेला १८ एप्रिलचा दिवस भारतात व्याख्याने, छायाचित्र प्रदर्शने आणि विनामूल्य प्रवेश यांनी साजरा होतो. पुष्कळ ठिकाणी तो औपचारिकच राहतो. याहून सखोल काम काही संस्था वर्षभर करतात. तमिळनाडूतील अत्तिरंपाक्कम या पुराश्मयुगीन स्थळाचे संशोधन करणारे चेन्नईचे शर्मा सेंटर फॉर हेरिटेज एज्युकेशन मुलांसाठी व शिक्षकांसाठी कृतिसत्रे घेते. त्याच राज्यातील कीळडी येथील उत्खनन पाहण्यास सामान्य लोकांची रीघ लागली. २०२३ मध्ये तेथे संग्रहालय सुरू झाले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून बसमधील फिरते संग्रहालय शाळांच्या दारात नेले आहे.

महाराष्ट्र आणि गोवा

महाराष्ट्रात पुरातत्त्वीय स्थळाला लोकभाषेत नाव आहे. गावाच्या जमिनीचे ‘काळी’ आणि ‘पांढरी’ असे दोन भाग मानतात. काळी म्हणजे शेतीची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. शतकानुशतकांच्या राखेने, शेणामातीने आणि पडक्या भिंतींनी पांढुरकी झालेली माती जेथे टेकाडाच्या रूपाने साचली असेल, ते जुने गावठाण होय. पुरातत्त्वज्ञ नव्या गावात गेल्यावर प्रथम ‘पांढर कोठे आहे’ असे विचारतो आणि लोक अचूक जागा दाखवतात. दुर्दैवाने हीच माती धाब्याच्या घरांच्या छपरांसाठी आणि शेतात घालण्यासाठी उत्तम समजली जाते. कित्येक टेकाडे लुटीने नव्हे, तर गाड्या भरभरून माती नेल्याने संपली. येथील लोकशिक्षणाचा विषय म्हणून खजिन्याच्या मोहाइतकाच या निरुपद्रवी वाटणाऱ्या सवयीचा आहे.

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे घोड नदीकाठी १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षे डेक्कन कॉलेजने उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांच्या या वस्तीत घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली मुले आणि चार पायांच्या मातीच्या रांजणातील प्रौढाचे दफन सापडले. डेक्कन कॉलेजचे संग्रहालय आणि म. के. ढवळीकर यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञांचे मराठी ग्रंथ यांमुळे हे शोध विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले. ‘महाराष्ट्राची कुळकथा’ हा त्यांचा ग्रंथ या बाबतीत विशेष वाचनीय आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे या व्यापाऱ्याने गावात सापडणाऱ्या सातवाहनकालीन वस्तू आस्थेने जमवल्या. त्या संग्रहातूनच तेथील शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण विभागातील पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्यांनी साष्टी बेटावर सर्वेक्षण करून इमारतींच्या गर्दीत हरवत चाललेले वीरगळ आणि गद्धेगाळ नोंदवले आहेत.

कोकणातील कातळशिल्पे हे मात्र लोकसहभागाचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील जांभ्या दगडाच्या सड्यांवर कोरलेली ही चित्रे गुराख्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. काहींना गावकरी पांडवांची किंवा देवांची मानत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी यांनी गावोगाव पायी हिंडून, वृद्धांना विचारून शेकडो चित्रांचा माग काढला. कशेळीचा भव्य हत्ती त्यांतीलच होय. शिल्प झाकणारी माती व गवत दूर करणे, मोजमाप, रेखाटन आणि मालकांशी बोलणी हे काम बहुतांशी स्वयंसेवकांनी केले. चिरेखाणी आणि रस्ते यांचा या सड्यांना धोका आहे. उक्षी येथे ग्रामस्थांच्या पुढाकाराने चित्राभोवती चिऱ्यांचे कुंपण उभारण्यात आले. बारसूची कातळशिल्पे २०२३ मध्ये प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वादात चर्चेत आली. त्याआधी, २०२२ मध्ये, कोकणातील कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या तात्पुरत्या यादीत झाला. या यादीत गोव्यातील कुशावती नदीकाठचे पणसायमळ, म्हणजेच उसगाळीमळ, हे स्थळही आहे. १९९३ मध्ये ते अभ्यासकांना दाखवले ते तेथील गावकऱ्यांनीच.